बॅसून कुणी पळवला?

१

कपाट उघडलं, आणि आतून डांबरगोळ्यांच्या वासाखेरीज काहीच बाहेर आलं नाही.

"कुठंय?" खजिनदारांनी विचारलं. त्यांच्या हातात पेन तयार होतं.

"इथंच असतो की," म्हणत बाबांनी कपाटात डोकं खुपसलं. बॅसून म्हणजे फुंकून वाजवायचं लांबलचक लाकडी वाद्य, काही टाचणी नव्हे. जोडून उभा केला तर माणसाच्या छातीला लागतो, आणि सुटे भाग करून पेटीत भरला तरी ती पेटी उचलताना खांदा वाकडा होतो. तरी बाबांनी तो वरच्या फळीवर शोधला, खालच्या फळीवर शोधला, आणि शेवटी स्वतःच्या कोटाचे खिसेही चाचपले.

मागे उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंना आधी हसू आलं आणि लगेच बाबांची दया आली. बाबा म्हणजे त्यांचे सासरे. गावच्या वाद्यवृंदात ते झांजा वाजवत, आणि सगळ्या वाद्यांची राखणही तेच करत. सासूबाई गेल्यापासून या माणसाला घराबाहेर काढणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तालीम. तासभर गप्प उभं राहायचं, मग एकदाच झांजा आपटायच्या, आणि घरी येऊन त्या एका आपटण्याचं तासभर वर्णन करायचं.

वाद्यवृंदाचे मात्र दिवस फिरले होते. हौशी माणसं ती. कुणी बेकरीवाला, कुणी वकील, कुणी शाळेतल्या बाई. वाजवायची झकास, पण तिकिटं खपत नव्हती आणि जुनी माणसं एकेक करून गळत होती. नगर समिती दरवर्षी त्यांना मदत करायची. ती यापुढे करायची की नाही, यावर रविवारच्या कार्यक्रमानंतर मतदान होतं. समितीत पाच जण. दोघे बाजूने, दोघे विरुद्ध, त्यातले एक खजिनदार, आणि पाचव्या अध्यक्ष डॉक्टरबाई, दातांच्या डॉक्टर. त्या काठावर बसल्या होत्या, आणि काठ बोचत होता. कारण हीच मदत वाचली तर शाळेत मुलांसाठी दातांचा दवाखाना काढू, असा शब्द खजिनदारांनी त्यांना दिला होता. किडलेल्या दाढा घेऊन येणारी मुलं त्यांना झोपेतसुद्धा दिसत. एकीकडे ती मुलं, दुसरीकडे बाबा.

वाद्यवृंद बंद झालाच तर वाद्यांचे किती येतील, हे पाहायला खजिनदारांनी आज सगळी कपाटं उघडायला लावली होती. बॅसूनचं कपाट मोजणीत शेवटी आलं. वाजवणारे पोस्टमनकाका थकून घरी बसल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी आत डोकावून पाहिलं. "बाबा, वाद्याचे कागद तर इथंच आहेत."

"बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र आहे ते. त्याच्याशिवाय कुणी दुकानदार घेत नाही."

"आणि काय काय गेलंय?"

बाबांनी बोटांवर मोजलं. "पेटी. खुर्चीवर टाकायचा जुना पट्टा, त्याला वाद्य अडकवतात. आणि रीड भिजवायची वाटी."

"वाटी?"

"कान तुटलेला कप गं. रीड म्हणजे तोंडात धरायची पिपाणी. वेताच्या दोन पात्या दोऱ्याने बांधलेल्या. कोरडी असली की रुसते, म्हणून आधी पाण्यात बुडवायची."

खजिनदारांनी पेन खिशात ठेवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. हिशेबाला चोख, बोलायला रोखठोक, आणि नाकावर माशी बसू न देणारे. "कुलूप शाबूत आहे," ते म्हणाले. "किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," बाबा म्हणाले. "एकच आहे."

"मग रविवारी मी सगळ्यांपुढे हेच सांगणार. ज्यांना आपली वाद्यं सांभाळता येत नाहीत, त्यांना गावाने का सांभाळायचं?"

सगळे बाबांकडे बघत होते, आणि बाबा आपल्या हातातल्या किल्लीकडे.

२

दातांच्या डॉक्टरला एक सोय असते. ज्याची चौकशी करायची तो माणूस आपल्या पायांनी येतो, आडवा होतो आणि स्वतःहून तोंड उघडतो. अडचण इतकीच, की तोंड उघडं असताना त्याला उत्तर देता येत नाही.

पोस्टमनकाका दुसऱ्याच दिवशी आले. त्यांची कवळी डॉक्टरबाईंनीच केली होती. तिच्यावर जेवण उत्तम व्हायचं, पण बॅसूनवर फुंकर घालायला गेलं की वरची पट्टी खाली यायची. आयुष्यभर दोन्ही ओठ दातांवर दुमडून वाजवलेलं. ओठांच्या आतल्या बाजूला घट्टे पडलेले. त्या दिवशी काका याच खुर्चीत रडले होते, आणि डॉक्टरबाईंनाही राहवलं नव्हतं.

आज मात्र काका शीळ घालत आले.

"बॅसून गेला, काका. ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई. फार वाईट झालं," काका म्हणाले, पण चेहरा एखाद्याला मुलगी झाल्याची बातमी सांगावी तसा फुललेला.

डॉक्टरबाईंनी कवळी काढून पाहिली. हिरडीला पुढच्या बाजूला ताजी जखम होती. "काय कडक चावलंत?"

"अकोड," काका बिनदातांनी म्हणाले.

अक्रोड कुणी पुढच्या दातांनी फोडतं का? कवळी घासता घासता त्यांची नजर खुर्चीवर टाकलेल्या काकांच्या राखाडी कोटावर गेली. काकू गेल्यापासून त्या कोटाची बटणं लोंबकळत असायची. आज सगळी बटणं जागच्या जागी होती. प्रत्येकाखाली दोऱ्याचा नेटका देठ गुंडाळलेला, एकदम बांधेसूद काम. दोरा मात्र लालभडक. कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा अर्धा बाहेर आला होता. एका खोलीत राहणाऱ्या माणसाला इतक्या किल्ल्या कशाला लागतात?

"बटणं कुणी लावली, काका?"

"आम्हीच. हाताला सवय आहे. अजून रीड बांधतो ना मी, रिकामा वेळ जात नाही मग."

"वाजवणारं कुणी नसताना?"

काकांनी कवळीसाठी तोंड पुढे केलं. डॉक्टरबाईंनी कवळी बसवून दिली आणि सरळ विचारलं, "काका, बॅसून तुम्ही चोरलात?"

"देवाशप्पथ नाही! चोरी मी उभ्या जन्मात केली नाही."

"मग तो कुठंय, हे तुम्हाला माहीत आहे का?"

यावर पोस्टमनकाकांनी जे केलं ते आजवर त्या दवाखान्यात कुणी केलं नव्हतं. त्यांनी शांतपणे तोंडात बोटं घातली, कवळी बाहेर काढली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि हात जोडून निघून गेले.

३

खजिनदार आले ते गाल धरून.

"आ करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. दाढा वरून सपाट घासल्या गेल्या होत्या. "तुम्ही दात-ओठ खाताय. वाद्यवृंदावर एवढा राग?"

"वाद्यवृंदावर नाही हो. नळांवर!" तोंडातला आरसा बाहेर निघताच खजिनदारांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "दुपारी जेवायला घरी येतो. वर जाऊन कपडे बदलायला लागलो की भिंतीतले नळ रडायला लागतात. असं खोल, कण्हल्यासारखं. मी जिन्यावर आलो की बंद! प्लंबर तीनदा आला. तो म्हणतो, नळ ठणठणीत आहेत. बायको म्हणते, तुम्हाला भास होतो. मला वेड लागायची पाळी आलीय."

"बाईंना ऐकू येत नाही?"

"ती खाली दुकानात असते. मशीनच्या आवाजात तिला काय ऐकू येणार?"

त्यांच्या बायकोला सगळं गाव टेलरबाई म्हणायचं. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं.

डॉक्टरबाईंनी दाढेला औषध लावलं. "बॅसून मिळाला नाही तर तुमचं काम सोपं होईल, नाही का?"

खजिनदार ताडकन उठून बसले. "मी चोर वाटलो तुम्हाला?"

"तसं म्हणाले नाही मी."

"ऐका. मला त्यांच्या वाजवण्याचा राग नाही. वाजवा की! पण आज वाजवणारी बहुतेक माणसं पिकलेली आहेत. ती थांबली की पुढे कोण? नवं कुणी येतंय का शिकायला? एक माणूस दाखवा. ज्याच्यामागे कुणी येणार नाही, त्याला गावाने किती दिवस पोसायचं? तुमच्या दवाखान्याला मुलं रांगेत उभी राहतील." त्यांनी गाल चोळला. "आणि तुमच्या सासऱ्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण कुलूप शाबूत आणि किल्ली एकाकडे, याचा अर्थ मी दुसरा काय लावू?"

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि हीच पंचाईत होती.

४

टेलरबाई दात साफ करून घ्यायला आल्या तेव्हा डॉक्टरबाईंच्या डोक्यात बाबांशिवाय काही नव्हतं. सकाळी बाबांनी झांजा कापडात गुंडाळून दारापाशी ठेवल्या होत्या. "छडीबाईंना परत दे," एवढंच ते म्हणाले होते. छडीबाई म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालिका. हातातल्या छडीमुळे पडलेलं नाव.

"किती वेळा सांगितलं, दोरा दाताने तोडू नका," डॉक्टरबाई पुटपुटल्या. टेलरबाईंच्या डाव्या सुळ्याला वर्षानुवर्षं दोरा तोडून खाच पडली होती. आज मात्र दोऱ्याचा एक तुकडा भलत्याच ठिकाणी सापडला, खालच्या पुढच्या दोन दातांच्या फटीत. लाल. चिमट्याने ओढला तर चिमट्याला चिकटून बसला.

"आणि हे काय? ओठांना आतून व्रण पडलेत, वर आणि खाली."

"चहा गरम होता," टेलरबाई घाईने म्हणाल्या.

"दोन्ही ओठांना एकदम भाजलं?"

"फारच गरम होता हो." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की डॉक्टरबाईंनाही हसू फुटलं. टेलरबाई एवढ्या हसऱ्या कधीपासून झाल्या? गावात त्यांची ओळख होती ती तोंडात टाचण्या धरून हुंकार भरणाऱ्या बाई म्हणून.

त्या दिवशी दुपारी बाबा ताटावर बसले आणि नुसतं चिवडत राहिले.

"बाबा, जेवा हो. सापडेल बॅसून."

"बॅसूनचं जाऊ दे, सूनबाई. लोक मला चोर म्हणतील, तेही सहन करेन. पण माझ्यामुळे सगळं बंद पडलं तर तोंड कसं दाखवू?" त्यांचे डोळे भरून आले. मग स्वतःलाच सावरत ते म्हणाले, "मी एकदा वाजवून पाहिला होता, माहितीय? पोस्टमन ओरडला माझ्यावर. नवशिका माणूस रीड अख्खी गिळायला बघतो. दोरा बांधलेला असतो तिथपर्यंत तोंडात कोंबतो आणि करकचून चावतो. मी चावून चावून त्याचा दोराच तोडला. मेण लावलेला दोरा. दोन दिवस दातात होता माझ्या."

डॉक्टरबाईंचा घास हातातच राहिला.

"काय झालं गं?"

"बाबा," त्या उठत म्हणाल्या, "पोस्टमनकाका रीडला कुठल्या रंगाचा दोरा वापरतात?"

"लाल. नेहमी लालच. का?"

उत्तर द्यायला डॉक्टरबाई जाग्यावर नव्हत्या. दाराबाहेर त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

५

टेलरबाईंच्या दुकानात मशीन बंद होतं. भिंतीच्या कडेला लांब कोट ओळीने टांगलेले होते, प्रत्येकाला कापडी खोळ घातलेली.

"कोट शिवायचाय?" टेलरबाईंनी विचारलं.

"नाही. एक गोष्ट सांगायचीय. तुम्ही फक्त ऐका." डॉक्टरबाई स्टुलावर टेकल्या. "चोराने कागद ठेवले आणि कान तुटलेला कप नेला. म्हणजे त्याला वाद्य विकायचं नव्हतं, वाजवायचं होतं. गावात बॅसून वाजवणारा माणूस एकच, आणि त्याला आता वाजवता येत नाही. म्हणजे वाजवणारं कुणीतरी नवं आहे. पण नव्या माणसाला रीड लागते, आणि ती गावात पोस्टमनकाकांशिवाय कुणी बांधत नाही. म्हणजे शिकवणारे काका. कवळी असूनही ते 'असं धरायचं' म्हणून दाखवायला जातात, म्हणून हिरडी सोलवटली."

टेलरबाई हातातली मोजपट्टी गुंडाळत होत्या, उलगडत होत्या.

"काकांच्या कोटाला कुणीतरी सुरेख बटणं लावलीत. असं काम या गावात एकच हात करतो. पण तुमच्या दुकानात राखाडी कोटाला राखाडी दोरा असतो. लाल मेणदोरा असतो तो रीड बांधणाऱ्याच्या टेबलावर. ती बटणं तुम्ही इथे नाही लावलीत, काकांच्या खोलीत लावलीत, हाताला लागला त्या दोऱ्याने. शिकवणीची फी दिलीत, असं म्हणू या हवं तर."

"त्यांनी मागितली नव्हती," टेलरबाई हळूच म्हणाल्या.

"आज सकाळी तोच दोरा तुमच्या पुढच्या दातांत होता. शिवणाचा दोरा तुम्ही सुळ्याने तोडता. पुढच्या दातांनी करकचून चावतो तो बॅसूनचा नवशिका. दोन्ही ओठांवरचे व्रणही त्याचेच, चहाचे नव्हेत. आणि तुमच्या घरातले नळ अगदी ठणठणीत आहेत."

एवढं ऐकल्यावर टेलरबाईंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या उठल्या, कोटांच्या ओळीतली शेवटची खोळ त्यांनी बाजूला केली. आत कोट नव्हता. लाल-तपकिरी लाकडाचा, चकचकीत चाव्यांचा बॅसून त्यांच्या कोटांमध्ये गुमान उभा होता.

"वाद्यवृंदाचे काळे कपडे शिवायला मी तालमीला गेले होते," त्या म्हणाल्या. "काकांच्या पँटची शिवण मापायला खाली गुडघ्यांवर बसले, आणि ते वाजवत होते. तो आवाज मला कानाने नाही ऐकू आला, डॉक्टरबाई. फरशीतून गुडघ्यात आला. टाचण्या गिळायची वेळ आली माझ्यावर. नंतर काकांचे दात गेले. म्हणाले, आता हा कपाटात पडणार आणि एक दिवस विकला जाणार. मी म्हटलं, मला शिकवाल? त्यांच्याकडे जुनी किल्ली होती. तुमचे बाबा तालमीला उशिरा यायचे म्हणून काकांनी कधीकाळी करून घेतलेली. कुणाला आठवणारही नाही, असं वाटलं. ते कपाट कुणी उघडेल हेच आमच्या डोक्यात आलं नाही. आणि उघडलं कुणी, तर ह्यांनी!"

"मग त्यांना सांगायचंत."

"काय सांगू? गावभर म्हणत फिरतात, नवं कुणी शिकत नाही. आणि घरात बायको शिकतेय? लोक हसतील त्यांना. नंतर तर ती चोरीच झाली. काकांनाही मीच शपथ घातली." त्यांनी डॉक्टरबाईंचा हात धरला. "तुम्ही सांगणार?"

डॉक्टरबाईंचा एक नियम होता. रुग्णाच्या तोंडात जे दिसतं ते कुणाला सांगायचं नाही. तो त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि आज बाबांसाठी मोडावासा वाटत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण माझे बाबा जेवत नाहीत. तुम्हाला कितपत वाजवता येतं?"

टेलरबाई खुर्चीवर बसल्या, पट्टा अडकवला, कपातली रीड वाद्याला लावून ओठांत धरली. पहिला सूर फाटला. दुसरा मात्र जमिनीतून वर आला आणि डॉक्टरबाईंच्या पोटऱ्यांना गुदगुल्या करत राहिला.

"छडीबाईंना मी बोलावते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रविवारी तुम्ही वाजवताय."

"मी? सगळ्यांसमोर? ह्यांच्यासमोर?" टेलरबाईंची पाचावर धारण बसली. "नाही जमणार मला!"

आणि त्याच क्षणी वरच्या मजल्यावरून आवाज आला, "अगं, ऐकलंस का? परत रडला बघ नळ!"

६

रविवारी सभागृह गच्च भरलं. वाद्यवृंदावर प्रेम म्हणून नव्हे. भांडण होणार, अशी बातमी होती म्हणून. गावाला फुकटचं संगीत आणि फुकटचं भांडण एकाच दिवशी क्वचित मिळतं.

खजिनदार पहिल्या रांगेत, भाषणाचा कागद मांडीवर. शेजारची खुर्ची बायकोसाठी राखलेली आणि रिकामी. "हिला नेमका आज उशीर," ते डॉक्टरबाईंना म्हणाले.

मागच्या ओळीत बाबा उभे होते. डॉक्टरबाईंनी झांजा परत केल्याच नव्हत्या. कापडासकट बाबांच्या हातात ठेवल्या होत्या. "आजचा दिवस उभे राहा, माझ्यासाठी," एवढंच म्हटलं होतं. बाबा उभे होते, पण खाली मान घालून.

वादक आले. सगळे बसले. बॅसूनची खुर्ची तशीच राहिली, आणि खजिनदारांनी कागदाची घडी उलगडली.

तेवढ्यात पडद्याआडून टेलरबाई आल्या. स्वतः शिवलेला काळा पोशाख, चेहरा पांढराफटक, आणि मिठीत बॅसून. बाजूला पोस्टमनकाका, त्यांच्या हातात पाण्याचा कान तुटलेला कप, देवाचं तीर्थ आणल्यासारखा सांभाळलेला.

खजिनदारांचं तोंड उघडलं. डॉक्टरबाईंना त्यांच्या सगळ्या दाढा न सांगता दिसल्या.

वाजवणं सुरू झालं. व्हायोलिनं धावली, बासऱ्या धावल्या, मग एका जागी सगळी गप्प झाली आणि बॅसूनला एकट्याला वाट दिली. छडीबाईंनी छडी अगदी हळू वर केली. पहिला सूर फाटला. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. टेलरबाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुन्हा फुंकला. या वेळी तो आला, खोल आणि जरासा खोडकर, घरातल्या मोठ्या माणसाने गमतीत सांगितलेल्या गोष्टीसारखा. आधी पहिली रांग हसली, मग सगळं सभागृह हसलं, पण आता ते हसणं निराळं होतं. आनंद झाला की माणसं हसतात, तसं. डॉक्टरबाईंना वाटलं, इतका वेळ आपण श्वास धरून कशाला बसलो होतो?

बाबा ऐकण्यात इतके हरवले की त्यांची झांज चांगले दोन ठोके उशिरा पडली. अर्धं सभागृह दचकून उठलं आणि टाळ्या वाजवत उभंच राहिलं.

टाळ्या थांबायच्या आधीच खजिनदार मंचावर चढले. भांडण सुरू होणार म्हणून मागचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

"तू?" खजिनदार म्हणाले. "तो नळ... तू होतीस?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलंच कुठे? तुम्ही प्लंबरला विचारलंत."

सभागृहात हशा पिकला. पोस्टमनकाकांनी पुढे होऊन किल्ली वर धरली आणि कबुली दिली, आवाज मोठा, उच्चार स्वच्छ, कवळी अगदी घट्ट. "कपाट मी उघडलं. यांच्या गळ्यात चोरी पडू देणं हा माझा गुन्हा," ते बाबांकडे वळून म्हणाले. बाबांनी त्यांना मिठी मारली. हातात झांजा होत्याच. काकांच्या पाठीमागे पुन्हा एकदा खणखणाट झाला.

खजिनदार बाबांपाशी गेले. "माझं चुकलं," म्हणाले. एवढंच. पण नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाने ते सगळ्या गावासमोर म्हटलं.

ठरल्याप्रमाणे मतदान तिथेच सुरू झालं. खजिनदारांनी भाषणाचा कागद काढला, पाहिला आणि परत खिशात घातला. "मी विचारत होतो, नवं कुणी शिकतंय का," ते म्हणाले. "माझ्याच घरात, माझ्याच पायाखाली शिकत होतं. मी ऐकत होतो आणि दुरुस्तीला माणूस बोलावत होतो." ते बायकोकडे वळले. "हिला इतकी खूश मी आजवर कधी पाहिली नव्हती. मदत चालू ठेवायची, असं माझं मत." आणि त्यांनी हात वर केला.

बाजूने असलेल्या दोघांचे हात वर गेलेच होते. तीन झाले. उरलेल्या गृहस्थांनी हात खालीच ठेवला आणि का ठेवला ते नीट सांगितलं. त्याबद्दल कुणी त्यांच्यावर डोळे वटारले नाहीत. निकाल लागला होता. अध्यक्षांच्या मताची आता गरज नव्हती.

"माझा शाळेतल्या दवाखान्याचा हट्ट मी सोडलेला नाही," डॉक्टरबाई उभ्या राहून म्हणाल्या. "त्या मुलांचे दात दुखतायत. ते मी विसरणार नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही."

"आमचा तिकीट लावलेला पुढचा कार्यक्रम तुमच्या दवाखान्यासाठी," छडीबाई मंचावरून म्हणाल्या. "काय हो?" मागून पन्नास जणांनी हुंकार भरला.

डॉक्टरबाईंनी मंचाकडे पाहिलं. बाबा मान वर करून उभे होते, आणि बेकरीवाल्याला आपल्या झांजेबद्दल काहीतरी रंगवून सांगत होते. आज घरी जाऊन ते तासभर बोलणार होते, आणि पोटभर जेवणार होते.

गरज नव्हती. तरी डॉक्टरबाईंनी हात वर केला, आणि बराच वेळ तो वरच ठेवला.